ताटातली मिठाची जागा

ताट वाढताना आधी मीठ वाढायचं, हे मला आईने शिकवलं. वरच्या कडेला मधोमध चिमूटभर मीठ, शेजारी लिंबाची फोड, डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी. पाटण तालुक्यातल्या आमच्या घरात चटणी आणि भाजी दोन्ही एकाच दिवशी असतील याचा भरवसा नसायचा, पण मीठ असायचं. लग्नानंतर चौतीस वर्षं मी यांच्या ताटात सगळ्यात आधी मीठ वाढलं. गेली तीन वर्षं ती जागा मोकळी आहे. पहिले कितीतरी महिने हात आपोआप तिकडे जायचा. चिमूट भरलेली असायची, मग आठवायचं, आणि मी ती परत बरणीत सोडायची. मिठावर मीठ पडल्याचा बारीकसा आवाज येतो. तो आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता.

हे वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात मापाडी होते. १९८१ साली हा बाजार मुंबईतून इकडे आला, त्यानंतर दोन वर्षांनी हे गावाहून आले. आधी मामांच्या ओळखीने हाताखाली उभे राहिले, मग स्वतःचा परवाना मिळाला. माथाडीने गोणी काट्यावर टेकवली की काटा थांबेपर्यंत वाट बघायची, आकडा मोठ्याने पुकारायचा, चिठ्ठी लिहायची. सांगायला काम एवढंच. पण रात्रभर ट्रकमधून आलेल्या शेतकऱ्याचे पैसे त्या आकड्यावर ठरतात. घाईने आधीच आकडा पुकारला तर किलो-अर्धा किलो कुणाच्या तरी पदरातून जातो. यांनी तो कधी जाऊ दिला नाही. ‘काटा थांबू दे’ हे त्यांचं वाक्य आमच्या घरात मुलांच्या भांडणापासून लेकीचं लग्न ठरवण्यापर्यंत सगळीकडे चाललं.

अशा माणसाचं स्वतःचंच वजन वाढायला लागलं, आणि आम्हाला दोघांनाही कळलं नाही. दंड बारीक होत चालले होते, गालफडं बसली होती, पण लेंग्याची नाडी पुरेना. भावकीत लोक म्हणाले, निवृत्ती मानवली. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायावर रुतून वळ उठायचा. नडगीवर बोट दाबलं तर खड्डा पडायचा आणि तो भरायला वेळ लागायचा. मी मनातल्या मनात मोजायची. एकदा वीसपर्यंत मोजलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी पोटावर बोटाने टकटक केलं, मग कुशीवर वळायला सांगून पुन्हा टकटक केलं. आवाजाची जागा सरकली, म्हणजे आत पाणी आहे. जलोदर. सोनोग्राफी झाली आणि सिऱ्होसिस हा शब्द घरात आला. मग मी जुनी फाईल काढून बसले. सहा वर्षांपूर्वी मूतखड्यासाठी केलेल्या सोनोग्राफीच्या कागदावर शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, ‘फॅटी लिव्हर’. साखर तर त्याच्याही आधीपासून होती. ती ओळ कुणी मोठ्याने वाचली नव्हती आणि मीही वाचली नव्हती. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, पोरांना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा म्हणून सांगितलं.

पोटात पाणी येतंच कसं, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. मला ते खरं उमगलं कोपरखैरणे गावातल्या एका मावशींमुळे. त्या मूळच्या आगरी. हे शहर व्हायच्या आधी इथे भातखाचरं आणि मिठागरं होती. १९७० मध्ये सिडको आली आणि खाडीकाठची ती सगळी जमीन शहरात गेली. मावशी सांगत होत्या, खाडीच्या बांधाला उघाडी असायची, म्हणजे लाकडी झडप. भरतीचं पाणी बाहेरून रेटायला लागलं की ती मिटते. ओहोटी लागली की आतलं पावसाचं गोडं पाणी तिला ढकलून खाडीत जातं. पुढे सिडकोने वाशी, नेरूळ, बेलापूरकडे धारण तलाव केले, त्यांनाही तशाच झडपा लावल्या. लोक त्याला डच पद्धत म्हणतात. मावशींच्या लेखी ती उघाडीच. ‘तिच्यात गाळ बसला ना बाय, का मग ती हालत नाय. भरती नसली तरी पाणी शेतातच.’

यकृत ही शरीरातली उघाडी आहे असं मी तेव्हापासून समजते. आतड्यांकडून येणारं सगळं रक्त यकृतातून गाळून पुढे हृदयाकडे जातं. यकृतात वण धरत गेले, ते टणक झालं, की ही वाट तुंबते. मागे दाब चढतो आणि पाणी पोटाच्या पोकळीत झिरपतं. त्यात रक्तातलं पाणी रक्तातच बांधून ठेवणारं अल्ब्युमिन तयार करण्याचं काम यकृताचंच, तेही कमी पडतं. पण मला सगळ्यात जास्त हलवून गेलं ते मूत्रपिंडांचं वागणं. रक्त पोटातल्या सैलावलेल्या वाहिन्यांमध्ये साचून राहतं, मूत्रपिंडांपर्यंत त्याचा नीट दाब पोचत नाही, आणि त्यांना वाटतं शरीर कोरडं पडलंय. म्हणून ती मीठ सोडत नाहीत. आणि जिथे मीठ, तिथे पाणी.

माझी एक आत्या माणची. दुष्काळात वाढलेली. मुंबईला लेकाकडे राहायला आली तरी पहाटे उठून घागर, पातेली, तांबे, शेवटी वाट्यासुद्धा भरून ठेवायची. नळाला दिवसभर पाणी आहे म्हणून कितीही सांगितलं तरी तिचा जीव मानायचा नाही. घरभर पाणी, पाय ठेवायला जागा नाही, आणि ती आपली आणखी एक वाटी भरतेय. यांच्या मूत्रपिंडांचं तसंच चाललेलं असतं. त्यांचा मला राग येत नाही. ती घर वाचवायलाच धडपडताहेत.

सगळे म्हणाले, पाणी कमी द्या. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं सोडियम फार घसरत नाही तोवर पाणी तोडायचं कारण नाही, तोडायचं ते मीठ. दिवसाला पाच ग्रॅम, सगळं धरून. यांनी लगेच स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आणला. आधी त्यावर साखरेची बंद पिशवी ठेवून तो बरोबर दाखवतोय का ते तपासलं, मग मीठ मोजलं. जेमतेम एक लहान चमचा. ‘दोन्ही वेळचं?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘पाव, बिस्कीट, सगळं धरून.’ ते त्या चमच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

मग मी घरातलं मीठ शोधायला लागले. पापडात पापडखार. लोणच्याचं तर नावच नको. फरसाण, सॉस, ब्रेड. मिठाचं नाव नसतानाही सोडियम असतंच, ढोकळ्यातल्या सोड्यात, पोट गच्च झालं की लोक घेतात त्या इनोत. दिवाळे कोळीवाड्यातून दर महिन्याला आणायची ती सुकट, जवळा, सुके बोंबील माझ्या एकटीसाठीच. हे माळकरी, त्यांचा प्रश्नच नव्हता, पण वास सुटला की माझा जीव तिकडे ओढतो म्हणून मीही ते आणणं बंद केलं. नणंद म्हणाली, सैंधव चालतं की. सैंधव म्हणजेही सोडियमच, फक्त खडकातलं. जावयांनी कमी सोडियमचं म्हणून महागडं मीठ आणलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि यांना पाणी उतरवायला जी आल्डॅक्टोनची गोळी आहे ती पोटॅशियम आधीच शरीरात धरून ठेवते. दोन्ही मिळून हृदयाशी खेळ होऊ शकतो. ते पाकीट मी जावयांच्या देखत परत पाठवलं, त्यांना वाईट वाटलं असेल, पण मी गप्प बसले नाही.

अळणी स्वयंपाक म्हणजे नुसतं मीठ काढून टाकणं नव्हे. साताऱ्याकडच्या माणसाला खर्डा लागतो, आणि मिठावाचून खर्डा म्हणजे नुसता जाळ. वरण-भातावर तूप-लिंबू चालून गेलं, भाकरीत तसंही मी मीठ घालत नाही, पण पिठलं तीन महिने जमलं नाही. शेवटी वाट सापडली ती कांद्यात. यांनीच सुचवलं. कांदा सालीसकट थेट गॅसवर ठेवायचा, साल काळी होऊन सुटेपर्यंत फिरवत राहायचा, मग मुठीने फोडायचा. आत तो गोड आणि धुरकट झालेला असतो. तो पिठल्यात ठेचून घातला, वरून लसणीची करपत आलेली फोडणी, आमसुलाचं पाणी. त्या दिवशी हे दोनदा वाढून घेऊन जेवले. यासाठी उन्हाळी कांदाच हवा, पावसाळ्यातला लाल कांदा पाणी सोडतो, असं त्यांचं मत आहे. इतकी वर्षं कांदा तोलला, त्याची चव घरात अशी कामी येईल असं वाटलं नव्हतं, एवढंच ते म्हणाले.

एक गोष्ट मला लिहायचीच आहे. लिव्हर खराब झालं म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत एक प्रश्न येतो. काहीजण विचारतातच, ‘मागे घ्यायचे का?’ यांच्या गळ्यात वयाच्या सतराव्या वर्षापासून तुळशीची माळ आहे. तरी एका ओळखीच्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, ‘लपवून घेत असतील हो, बायकांना कुठे कळतं.’ ऐतरेय ब्राह्मणात हरिश्चंद्राची गोष्ट आहे. वरुणाला दिलेला शब्द त्याने पाळला नाही, म्हणून वरुणाने त्याला धरलं आणि त्याचं पोट पाण्याने फुगलं. म्हणजे सुजलेल्या पोटामागे पाप शोधायची सवय किती जुनी आहे! दारूने यकृत जातं हे खरंच आहे, पण साखरेने जातं, वाढलेल्या चरबीने जातं, हिपॅटायटिस बी आणि सीने जातं. अमिताभ बच्चन यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे की ‘कुली’च्या अपघातानंतर १९८२ मध्ये दिलेल्या रक्तातून त्यांना हिपॅटायटिस बी झाला आणि यकृताचा मोठा भाग निकामी झाला, आणि हे कळलं कितीतरी वर्षांनी. आणि समजा एखादा पीतही असेल. त्याच्या बायकोला रात्री त्याचे पाय चेपताना कमी जागावं लागतं का? त्या बायकांशी कुणी धड बोलतसुद्धा नाही. दवाखान्याच्या बाकावर मी त्यांच्या शेजारी बसते.

रोज सकाळी वजन. शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच बनियन-लेंग्यावर. काटा मी ठेवते, हे चढतात, आकडा थांबला की स्वतःच पुकारतात आणि वहीत स्वतःच लिहितात. तारीख, वजन, पोटाचा घेर. घेर मी शिवणाच्या टेपने बेंबीवरून घेते. आयुष्यात त्यांच्या इतक्या जवळ, इतक्या नेमाने मी कधी उभी राहिले नव्हते. आमच्या वेळी नवरा-बायको एकमेकांकडे असं बघत नसत. बेंबी बाहेर आलेली, कातडी ताणून चकचकीत झालेली, तिच्यावर निळ्या शिरा. टेप पाठीमागून घ्यायला मला दोन्ही हातांनी त्यांना वेढावं लागतं. ते श्वास रोखून धरतात आणि मी म्हणते, ‘सोडा, नाहीतर आकडा खोटा येईल.’

गोळ्या लागू पडल्या, वजन उतरायला लागलं, आणि मला त्या उतरत्या आकड्याचा लोभ सुटला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पायावर सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू द्यायचं नाही. पोटातलं पाणी त्याहून वेगाने रक्तात परत येऊ शकत नाही, मग शरीर दुसरीकडचं पाणी देतं. पायाची सूज तेव्हा गेलेली होती. तीन दिवस लागोपाठ किलो-सव्वा किलो उतरलं. मी फोन करायला हवा होता. नाही केला. मी लेकीला फोन केला, ‘बाबांचं वजन झरझर उतरतंय’ म्हणून आनंदाने सांगितलं. चौथ्या सकाळी वहीतला आकडा रेघेवरून खाली घसरत कालच्या तारखेवर चढला होता. यांचं अक्षर म्हणजे चिठ्ठीवरचं अक्षर, चाळीस वर्षं एका रेघेत. मी ते पाहिलं आणि म्हटलं, झोप नीट झाली नसेल.

त्या रात्री तीनच्या सुमारास जाग आली तर हे भिंतीपाशी उभे. ‘गाडी लागलीय, गोण्या उतरवा.’ मी हात धरला तर पंजा पंख फडफडावा तसा हलत होता. मला ओळखलं नाही. भिंतीकडे बघत आकडे पुकारत होते, एक्कावन्न, एक्कावन्न, एक्कावन्न, मधे श्वाससुद्धा न घेता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते काटा थांबायच्या आत आकडा पुकारत होते.

रक्तातलं सोडियम घसरलं होतं. यकृताने न गाळलेलं विष मेंदूपर्यंत गेलं होतं. पाणी उतरवणाऱ्या गोळ्या बंद झाल्या, लॅक्टुलोजचं पातळ औषध सुरू झालं, दिवसातून दोन-तीनदा पोट साफ व्हायलाच हवं म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, ‘वजन लिहिलंस का?’ मी रडले. तेव्हापासून वहीत मी आकड्याआधी अक्षर बघते.

गोळ्या बंद झाल्या तशी पाण्याने पुन्हा जागा धरली, मग सुईने पाणी काढायची वेळ आली. दिवसभराचं काम असतं. पोटाच्या डाव्या बाजूला खाली भूल देऊन सुई घालतात, नळी जोडतात, आणि निवळ, फिकट पिवळं पाणी बाटलीत पडू लागतं. पहिल्या वेळी सात लिटर निघालं. इतकं एकदम काढलं तर रक्तदाब कोसळू शकतो, मूत्रपिंडं बसू शकतात, म्हणून काढलेल्या दर लिटरमागे साधारण आठ ग्रॅम या हिशेबाने अल्ब्युमिन शिरेतून देतात. आम्हाला तीन बाटल्या लागल्या. नंतर मला कळलं की हे सुश्रुतसंहितेतही आहे. बेंबीच्या खाली डाव्या बाजूला छिद्र घ्यावं, दोन्हीकडून उघडी नळी घालावी, पण सगळं पाणी एकाच दिवशी काढू नये, थोडं थोडं काढावं आणि पोट कापडाने घट्ट बांधावं. अल्ब्युमिन नव्हतं तेव्हा त्यांच्याकडे सबुरी होती.

यांनी नर्सबाईंना विचारलं, हे बाटलीतलं कुठून येतं? त्या म्हणाल्या, रक्तदान करतात ना लोक, त्यांच्या प्लाझ्मातून, हजारो जणांचं एकत्र करून. हे काही बोलले नाहीत. तिसरी बाटली लावली तेव्हा मोकळा हात उचलून त्यांनी ती कपाळाला लावावी तसं केलं.

प्रत्यारोपणाचं बोलणं झालं. १९९४ च्या कायद्याने नवरा-बायको एकमेकांना यकृताचा भाग देऊ शकतात. मी तपासणी करून घेतली. माझ्याही यकृतात चरबी निघाली. एकाच स्वयंपाकघरात चौतीस वर्षं जेवलो होतो. लेकाने विचारलं, तर हे त्याच्यावर इतके चिडले की आठवडाभर बोलले नाहीत. नाव आता यादीत आहे.

आषाढी एकादशीला मोठा पेच पडला. वारी तर गेलीच होती, पण एकादशी त्यांनी जन्मात मोडली नव्हती. ज्याचं यकृत असं झालंय त्याच्याकडे रात्रभर पुरेल एवढी साखर साठून राहत नाही. एका रात्रीच्या उपाशीपणात त्याचं शरीर निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतकं मागे जातं आणि स्वतःचंच मांस खायला लागतं. म्हणून रात्री दहाला काहीतरी खायचंच. मी राजगिऱ्याच्या लाह्या दुधात घालून समोर ठेवल्या. उपासाला चालतात, मीठ नाही, आणि पोटही उपाशी राहत नाही. त्यांनी वाटीकडे पाहिलं, माळेला हात लावला. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, भरतीची वेळ होती आणि खालच्या गटारातून पाणी उलटं वर येत होतं. ‘उघाडी मिटली असेल आता,’ ते म्हणाले, आणि वाटी उचलली.

त्यांच्याबरोबर मीही अळणीच जेवत होते, ते त्यांना सांगितलेलं नव्हतं. भाजी दोघांची एकत्र करायची आणि माझ्यासाठी वरून मीठ घ्यायचं असं ठरलं होतं, पण मी घ्यायची नाही. घास उतरायचा नाही. एके दिवशी हे ओट्यापाशी आले, बरणी उजेडात धरली आणि म्हणाले, ‘यातलं मीठ उतरत नाही गं.’ दीड महिना ते बरणीवर नजर ठेवून होते. काचेवर, जिथे मिठाची पातळी होती तिथे, त्यांनी पेनाने बारीक रेघ मारली होती.

तेव्हापासून ताटं मी वाढते आणि मीठ हे वाढतात, एकाच ताटात. त्यांच्या ताटात त्या जागी मी लिंबाची फोड ठेवते. मग ते बरणी जवळ ओढतात, झाकण काढतात, अंगठा आणि दोन बोटांत चिमूट धरतात. हात जरासा कापतो अलीकडे. माझ्या ताटाच्या वरच्या कडेवर आणून ते तो धरून ठेवतात, पूर्ण थांबेपर्यंत.